किवीची आंबेडाळ

दुकानात किवीला अंगठ्यानं दाबून बघणारी माणसं मला सहन होत नाहीत. परवा फ्रँकफर्टच्या आमच्या घराजवळच्या दुकानात एक गृहस्थ हेच करत होते. घेत एकही नव्हते, नुसतं दाबून ठेवणं चाललं होतं. मी सरळ म्हटलं, "दाबून पिकत नाही ती. सफरचंदाशेजारी ठेवा आणि थांबा." ते माझ्याकडे बघतच राहिले. नवरा तोवर पावाच्या मांडणीआड जाऊन उभा राहिला होता. मी परक्या माणसांना काही सुनावायला लागले की हा मला ओळखत नाही.

ते वाक्य मुळात माझं नाही. लुडविग्सहाफेनला आम्ही राहायचो, तिथल्या आमच्या घरमालकीणबाईंचं. आणि खरं तर त्यांचंही नाही, त्यांच्या यजमानांचं. दुकानातल्या खोक्यांवर न्यूझीलंड, इटली, ग्रीस असं काय काय छापलेलं असतं, पण मला किवी म्हटली की त्या घराचं मागचं अंगणच आठवतं. तिथून निघून आता बरीच वर्षं झाली, तरी फार आठवण येते. घर आता नाहीच तसं.

नवऱ्याला तिथल्या केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. खाली मालक-मालकीण, दोघंही साठी ओलांडलेली. पुढे आमची लेक बोलायला लागली तेव्हा ती मालकीणबाईंना 'ओमा', म्हणजे आजी, म्हणायची, आणि मी मनातल्या मनात 'खालच्या आजी'. घराच्या मागे लोखंडी खांबांचा एक मोठा मांडव होता आणि त्यावर किवीच्या दोन वेली. मी पुण्याची. किवी वेलीवर लागते हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं झाड असेल चिकूसारखं, रंग तरी तोच आहे.

आजोबा ऱ्हाइनच्या पलीकडे, मानहाइमच्या घाऊक फळबाजारात कामाला होते. बोटीतून आलेली कच्ची फळं पिकवायची खोली त्यांच्या ताब्यात असायची. केळी, आंबे आणि नंतर नंतर किवी. ते सांगायचे, की पहिल्यांदा ही फळं आली तेव्हा बाजारातल्या कुणालाच कळेना की या केसाळ बटाट्यांचं करायचं काय. मग ती केकवर चकत्या होऊन बसली, लग्नाच्या जेवणात आली, आणि बघता बघता घरोघरी लोक किवी मधोमध कापून, अंड्याच्या कपात बसवून, चमच्यानं खायला लागले. आजोबांनी रोपवाटिकेतून दोन रोपं आणून अंगणात लावली. दोन का, तर यांच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. आजी त्या नराकडे बोट दाखवून मला म्हणायच्या, "फळ एक देत नाही, जागा मात्र सगळी खातो. आणि तो नसला तर काहीच होत नाही." असं म्हणून आजोबांकडे बघायच्या. आजोबा पेपर वाचत असल्याचं दाखवायचे.

त्यांच्या घरचा एक नेम होता. नोव्हेंबरात पहिलं दव गोठायच्या आत किवी उतरवायची. तेव्हा ती दगडासारखी असते. ती खोक्यांत भरून केलरमध्ये, म्हणजे तळघरात न्यायची, मध्ये मध्ये सफरचंदं पेरायची आणि थांबायचं. ख्रिसमसच्या संध्याकाळी पहिली पिकलेली किवी कापायची. त्याआधी कुणी चाखूनसुद्धा बघायची नाही. आजोबांचं आयुष्य फळं पिकवण्यात गेलेलं, कच्चं खाणं म्हणजे त्यांना त्या फळाचा अपमान वाटायचा.

आम्ही राहायला आलो त्याच नोव्हेंबरात आजोबांनी सगळी किवी स्वतः उतरवली. शिडीवर चढून, टोपी मागे सरकवून. मी खाली खोकं धरून उभी होते. आणि ख्रिसमसच्या आत ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. त्या वर्षी केलरमध्ये कुणी उतरलंच नाही. किवी तिथेच पिकली, मऊ पडली, आंबली, आणि जानेवारीत तो वास जिन्यातून आमच्या दारापर्यंत आला. शेवटी मी आणि नवऱ्यानं आजींना न विचारता ती खोकी बाहेर काढून टाकली. त्यांनीही त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षापासून मात्र त्यांनी नेम पुन्हा धरला. ख्रिसमसला आम्हाला खाली बोलवायच्या, अंड्याच्या कपांत अर्ध्या किव्या बसवून ठेवलेल्या असायच्या. पाळणाघरात जायला लागली तेव्हा लेकीची उंची टेबलाएवढी होती, ती टाचा उंचावून कपात चमचा घालायची. गोड, मऊ, अगदी दुकानात कधी मिळत नाही अशी.

पण माझा डोळा होता तो केलरमधल्या न पिकलेल्या किवीवर. सफरचंदापासून लांब ठेवलेली काही फळं चैत्रापर्यंत कडक राहायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ हवी, आणि लुडविग्सहाफेनमध्ये एप्रिलात कैरी आणायची कुठून? एशियन दुकानात मिळायची ती सुरकुतलेली आणि आत पिवळी. एका वर्षी मी वैतागून कडक किवी सोलली, किसली, वाटलेल्या डाळीत घातली, वरून हिंग-मोहरीची फोडणी. मैत्रिणींना सांगितलंच नाही. सगळ्यांनी ताटल्या चाटून पुसून खाल्ल्या आणि विचारलं, कैरी कुठे मिळाली गं? तेव्हापासून आमच्या घरी चैत्राची आंबेडाळ किवीचीच. आजी द्यायच्या फळं, पण तोंड वाकडं करून. "दगड खाता तुम्ही," म्हणायच्या. हळदीकुंकवाचं ताट त्यांना खाली न्यायचे त्यात उसळ, बत्तासे, कलिंगडाची फोड सगळं चालायचं. आंबेडाळ तेवढी त्यांनी कधी चाखली नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका जानेवारीत आजींनी आम्हाला खाली बोलावून सांगितलं की घर विकलंय. गुडघे कामातून गेले होते, मुलगी हॅम्बुर्गला होती, ती म्हणत होती आता माझ्याजवळ या. घेणारा माणूस घर नीट करून दोन-तीन फ्लॅट काढणार होता आणि अंगणात गाड्या लावायला जागा करणार होता. म्हणजे मांडव जाणार हे उघडच होतं. आम्हाला दुसरीकडे घर बघायला वेळ होता, त्यांचं जाणं पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ठरलं होतं. त्यांनी फक्त एकच गोष्ट मागून घेतली होती त्या माणसाकडून. "ख्रिसमस इथे करीन," त्या मला म्हणाल्या. "शेवटची किवी या घरात खाईन, मग किल्ली देईन. हॅम्बुर्गला दुकानातली मिळेलच की. पण मला ही खायची आहे, इथे."

त्याच मार्चमध्ये माझे सासरे आले. तासगावकडे आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांची द्राक्षबाग. सासूबाई आदल्या दिवाळीत गेल्या, आणि मामांनी बाग दुसऱ्याला कसायला देऊन टाकली, दिवसभर घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, बसून राहायला लागले. नवरा हट्टानं त्यांना घेऊन आला. सामानात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि धोतरात गुंडाळलेली छाटणीची कात्री. मी कपाळावर हात मारला. "मामा, इथे कात्री कशाला हो?" तर म्हणाले, "असू दे. ती घरी ठेवून चैन पडत नाही."

मामा आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून खालच्या मांडवाकडे बघत बसायचे. आजोबा गेल्यावर त्या वेलींची नीट छाटणी कुणी केलेली नव्हती. आजींच्या हाताला येईल तेवढ्या काड्या त्या हिवाळ्यात कापायच्या, बाकी सगळं रान माजलं होतं. एक काडी तर चढत चढत आमच्या बाल्कनीच्या कठड्यात शिरली होती. मी तिला काठीचा आधार देऊन कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. "केवढं रान केलंय," मामा म्हणायचे. "कुणी हात लावत नाही का?" आम्ही म्हणायचो, आहे ते असंच आहे. आमचं लक्ष कुठे होतं त्यांच्याकडे.

एप्रिलात एका शनिवारी मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं. आजी मुलीकडे हॅम्बुर्गला गेल्या होत्या. मानहाइम, हायडेलबर्गहून बायका येणार, घर केवढंसं, म्हणून नवऱ्याला मी लेकीला घेऊन पोहायला पिटाळलं. मामा आपणहून म्हणाले, "बायकांच्यात मी काय करू? खाली बसतो अंगणात." मी म्हटलं, बरं होईल. गौर झोपाळ्यात बसवली होती, किवी किसून तयार होती, डाळ वाटायची राहिली होती. मामा खाली काय करतायत ते बघायला मला सवड नव्हती.

बायका गेल्यावर मी वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले आणि खाली बघितलं. मांडव रिकामा. खांबांवर नुसते खुंट, आणि भिंतीशी काड्यांचा हा एवढा ढीग. मामा घाम पुसत उभे होते, आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू होतं. "खरड छाटणी केली," ते वर बघून म्हणाले. "एप्रिल आहे ना. आता बघ कशी फुटते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलात खरड, म्हणजे सगळ्या काड्या छाटून एकेका डोळ्यावर, कोंब फुटायच्या जागेवर आणायच्या, आणि ऑक्टोबरात पुन्हा फळासाठी. मामांनी जन्मभर तेच केलेलं. पण किवीला फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या काडीवरच्या नव्या फुटीला. ती काडीच उडवली की त्या वर्षीचं फळ संपलं. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. दुसऱ्या टोकाची वेल मामांनी पार बुडातून कापली होती. "ती वांझ होती," ते म्हणाले. "मागच्या सालचा एक देठ नाही तिच्यावर. उगाच हिचं पाणी खात होती."

मला ओरडायचं होतं. पण सासऱ्यांवर ओरडतात होय? मी आत जाऊन भांडी आपटली. नवरा पोहून आल्या आल्या सगळा राग त्याच्यावर निघाला. "तुझ्या वडलांनी आजींचं शेवटचं पीक कापून टाकलंय, जाऊन बघ." तो म्हणाला, "आता माझे वडील झाले का? एरवी तुझे मामा असतात." तरी तोच खाली गेला आणि त्यानं मामांना समजावून सांगितलं, की ती वांझ नव्हती, तो नर होता.

मामा पायरीवर बसले. "वेलीत नर?" म्हणाले. "पपईत असतो, ठाऊक आहे. तिथेसुद्धा एखादा ठेवतो आपण." मग, "घर सोडून चाललेल्या बाईचं शेवटचं पीक मी कापलं." त्या कापलेल्या खुंटांतून तेव्हा पाणी ठिबकायला लागलं होतं. ते पुढे कितीतरी दिवस थांबलं नाही. मामांनी त्याखाली बादली ठेवली. कशासाठी, कुणास ठाऊक.

आजी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. बॅग हातातच घेऊन त्या मागे आल्या, बघत उभ्या राहिल्या. मी जर्मनमध्ये जे काही पाठ करून ठेवलं होतं ते सगळं विसरले. माझ्यामागे मामा हात जोडून उभे. आजींनी ढिगातली एक काडी उचलली, नखानं तिची साल खरवडून बघितली, आत हिरवी होती. "आल्झो," त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ 'बरं, तर मग' असा होतो किंवा काहीच होत नाही. मग त्या आत गेल्या आणि भर दुपारी खिडकीचे रोल्लाडेन, ती लाकडी पट्ट्यांची गुंडाळायची झडप, खडखडत खाली ओढली.

ती झडप पुढचे कितीतरी दिवस वर गेली नाही. दार वाजवलं तर आतून आवाज यायचा, "ठीक आहे, सगळं ठीक आहे." मामांना भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण बंद झडप कळत होती. ते जेवेनात नीट. "मला परतीचं तिकीट काढून द्या," नवऱ्याला म्हणायचे. मला इतकं वाईट वाटायचं, की मी त्यांना रोज गरम भाकरी करून वाढायचे आणि बोलायचे मात्र काहीच नाही. काय बोलणार? राग पण होता ना.

मे महिना सरत आला तेव्हा एक दिवस आमचं दार वाजलं. दारात आजी, जिना चढून धाप लागलेली. माझ्या बाजूनं थेट बाल्कनीत गेल्या. कठड्यातली ती काडी, जिला मी दोरी बांधली होती, तिला नव्या फुटी येऊन त्यांवर कळ्या धरल्या होत्या. रोज तिथे कपडे वाळत घालत होते मी, पण नजर गेली असेल तर शपथ.

"ही कशी राहिली?" आजींनी विचारलं.

मी मामांना विचारलं. मामा खाली बघायला लागले. शेवटी पुटपुटले, "त्या दिवशी तिथे सूनबाईंचे कपडे वाळत होते. सुनेच्या कपड्यांना हात कसा लावायचा? म्हटलं असू दे एक काडी."

मी हे भाषांतर करून सांगितलं. आजींना कळायला वेळ लागला. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, डोळे पुसावे लागले. मामा लाजून आत निघून गेले. खालची झडप त्या दिवशी वर गेली.

पण कळ्या मादीच्या, आणि नर तर आम्ही बुडातून घालवलेला. तोडगा आजींनीच काढला. आजोबांच्या बाजारातल्या जुन्या जोडीदाराची मानहाइमला बाग होती, त्यानंही हौसेनं किवी लावलेली. फुलं उमलली त्या सकाळी आजी आणि मामा दोघंच ट्रामनं नदीपलीकडे गेले. मी बरोबर येते म्हटलं तर आजींनी नको म्हणून सांगितलं. मामांच्या डोक्यावर गांधी टोपी, अंगात नवऱ्याचं जाकीट, आजींच्या हातात केकचा पत्र्याचा डबा. थांब्यावर दोघं एकमेकांकडे न बघता शेजारी उभी होती. बाल्कनीतून ते बघताना मला सासूबाईंची फार आठवण आली.

दुपारी डबा भरून नराची फुलं आली. मग बाल्कनीत काम सुरू झालं. मामा एक फूल देठाशी धरायचे आणि मादीच्या फुलाला अलगद टेकवायचे, फिरवायचे, पुढच्या फुलाकडे जायचे. आजी खुर्चीत बसून प्रत्येक फुलाला म्हणायच्या, "गेनाऊ." मामा म्हणायचे, "हां, बरोबर." एकच गोष्ट दोन भाषांत, आणि दोघांनाही वाटत होतं आपण दुसऱ्याला शिकवतोय.

काम करता करता आजी गोष्ट सांगायला लागल्या, आजोबा सांगायचे तीच. मी दुभाषी. आत माझी भाजी लागत होती, पण सोडवेना. ही वेल मूळची चीनमधल्या डोंगरांतली. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूझीलंडची एक शाळेतली बाई तिकडे बहिणीला भेटायला गेली आणि येताना थोड्याशा बिया घेऊन आली. त्या बियांतून नशिबानं नरही निघाला आणि माद्याही. आज दुकानात जी हिरवी किवी दिसते ती बहुतेक सगळी त्याच गोतावळ्यातली. त्यात एक जात अशी निघाली की जिचं फळ मोठं आणि तोडल्यावर महिनोन्महिने टिकणारं, म्हणून तर ती बोटीनं अर्धं जग फिरून इथपर्यंत येऊ शकली. आधी तिला चिनी आवळा म्हणत. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना ते नाव पसंत पडेना, म्हणून न्यूझीलंडवाल्यांनी आपल्या पक्ष्याचं नाव देऊन टाकलं. मग इटलीनं बागा लावल्या, भाव उतरले, आणि आजोबा म्हणाले, आता आपणही लावू.

मामा हात न थांबवता ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वडलांनी ज्वारी मोडून द्राक्षं लावली तेव्हा सगळं गाव हसलं होतं. त्याही काड्या कुठून तरी कुणीतरी आणलेल्याच." आजींनी विचारलं, मग आता तुमची बाग कोण बघतं? मी हे मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, "सांग, दुसऱ्याला दिली. ही गेल्यावर मन लागेना." आजींनी मान हलवली आणि डब्यातलं पुढचं फूल काढून त्यांच्या हातात दिलं.

जूनअखेरीस मामा परत गेले. काडीवर तेव्हा बोराएवढी फळं धरलेली दिसत होती. निघताना त्यांनी कात्री आजींना दिली. आजी नको नको म्हणत होत्या, मग त्यांनी ती एप्रनच्या खिशात ठेवली. मामांनी घरी पोचल्यावर आठवडाभरात बाग परत स्वतःकडे घेतली. नवरा फोनवर म्हणाला, जमेल का तुम्हाला? तर त्याच्यावरच डाफरले.

उन्हाळाभर आमची कपड्यांची दोरी मी दुसरीकडे हलवून ठेवली. आजी रोज सकाळी खाली उभं राहून वर बघायच्या. फळं फार नव्हती, एक टोपली जेमतेम भरेल एवढी, पण सगळं व्यवस्थित चाललं होतं. नोव्हेंबरात दव गोठायच्या आत आजींनी आमच्या बाल्कनीत येऊन मामांच्या कात्रीनं एकेक फळ स्वतः उतरवलं. सफरचंदं घालून टोपली केलरमध्ये गेली. आता फक्त थांबायचं होतं, ख्रिसमसपर्यंत.

आणि मग घर घेणाऱ्यानं फोन केला. त्याच्या कामाची माणसं लवकर मोकळी होत होती, त्याला खालचा मजला नोव्हेंबरअखेरच हवा होता. मी म्हटलं, "आजी, शब्द दिला होता ना त्यानं? मी बोलते त्याच्याशी, बघतेच." खरंच बोलणार होते. पण त्यांच्या मुलीनं सगळं आधीच कबूल करून टाकलं होतं, ट्रकसुद्धा ठरवला होता. आजी भांडल्या नाहीत. त्या थकल्या होत्या बहुतेक. मला मात्र झोप लागेना, इतका संताप झाला होता. फुलं टेकवताना हलणारे मामांचे हात डोळ्यांसमोर यायचे.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी दुपारी आजी वर आल्या. एप्रनच्या ओच्यात किवी घेतलेली. मी एक हातात घेतली, अजून दगडच होती. सफरचंदांनीसुद्धा काही केलं नव्हतं एवढ्या दिवसांत.

"बरोबर घेऊन जा ना," मी म्हटलं. "हॅम्बुर्गला पिकतील."

"मला इथे खायची आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळी फळं माझ्या ओट्यावर ठेवली. "तुझं ते दगडांचं काय करतेस, ते कर."

मी डाळ भिजवली. एरवी चार तास भिजवते, त्या दिवशी कोमट पाण्यात जेवढी भिजेल तेवढी. किवी सोलल्या, किसल्या. आजी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बघत होत्या. मिरची मी अर्धीच घातली. फोडणी तडतडली तेव्हा त्या थोड्या दचकल्या. नवरा ऑफिसातून लवकर आला, लेक शाळेतून. आम्ही टेबलाशी बसलो आणि नवऱ्यानं तासगावला व्हिडिओ कॉल लावला. मामांनी बशीत डाळ बघितली आणि म्हणाले, "कार्तिकात आंबेडाळ?" मग आजींना बघितलं, बशीतला हिरवा किस बघितला, आणि डोक्यावरची टोपी नीट केली. आजींनी फोनच्या काचेसमोर चमचा उंच धरून त्यांना दाखवला आणि तोंडात घातला.

आंबटानं त्यांचे डोळे मिटले. बराच वेळ त्या चावत राहिल्या. 

"ते गेले त्या वर्षी," आजी म्हणाल्या, "तुम्ही राहायला आला होतात ना वर?"

"हो. नुकतेच आलो होतो."

"तेव्हाही तुला हे करता येत होतं?"

"हो, आजी. लहानपणापासून येतं."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. "त्यांनी स्वतः उतरवली होती सगळी," त्या म्हणाल्या. "शिडीवर चढून. आणि मी म्हटलं, एक तरी बघूया का खाऊन. तर म्हणाले, थांब."

मग त्यांनी बशी माझ्यापुढे केली, आणखी वाढ म्हणून. मी वाढली.